दोनशे बारा यांचं मत

आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक लांब कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्या घड्या उलगडल्या की ती गुडघ्यापर्यंत येते. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने तिच्यावर आपलं मत लिहायचं. नाव घालायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. हा नियम पहिल्या ग्रंथपालांनी केला. नाव दिसलं की माणूस भिडेखातर खोटं लिहितो, असं त्यांचं म्हणणं होतं. क्रमांकाची भीड कोण धरणार?

माझी बायको दोनशे बारा होती.

मी फौजी बुटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तळवे शिवले. ती टेलिफोनच्या कचेरीत होती. दिवसभर परक्या माणसांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि स्वतः गप्प बसायचं, हे तिचं काम. त्यामुळे घरी आली की तिच्या तोंडाला खंड नसायचा. मी कमी बोलतो. मग ती पुस्तकं मोठ्याने वाचायची. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ओळखीपाळखीच्यांचे बूट दुरुस्त करायचो आणि ती समोर स्टुलावर पाय ठेवून वाचायची. मध्येच थांबून म्हणायची, "ऐकताय ना?" मी आरी हलवायचो. आरी हलली म्हणजे ऐकतोय, हे आमचं ठरलेलं होतं.

तिला लढायांची पुस्तकं आवडायची. खऱ्या लढायांची नाही, बनवलेल्या देशांमधली. 'उलट्या नदीची पलटण' या पुस्तकाचा पहिला भाग तिने आणला तेव्हा आमचं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती. त्या देशात नदी डोंगर चढून वर जाते. लोक गरुडांवर बसून टेहळणी करतात. बाकी मात्र सगळं पलटणीसारखं: पहारे, रजा, सडकं पीठ, वरिष्ठांच्या शिव्या. एक मुका सुभेदार आहे, तो हाताच्या खुणांनी हुकूम देतो. आणि मीठचोर नावाचा एक शिपाई आहे. कोठारातलं मीठ चोरताना सापडला म्हणून त्याला शिक्षा म्हणून पलटणीत घातलेला. तो लढण्यापेक्षा बडबड जास्त करतो. बायको त्याच्यावर खूश होती.

"हा एकटा माणूस आहे यांच्यात," ती म्हणायची. "बाकीचे पुतळे."

पट्टीवर एकोणीस क्रमांकाशी तिची जुंपली ती पहिल्याच भागात. एकोणीसने लिहिलं होतं, 'नदीकाठची लढाई साफ चुकलेली आहे. आम्हा फौजी माणसांना हसू येते.' तिने खाली लिहिलं, 'लढाई बरोबर आहे. १९ चुकले आहेत. २१२.' दुसऱ्या भागात तिने लिहिलं, 'पलटणीत सगळेच इतके शूर असतील तर भांडी कोण घासतो, ते लेखकाने सांगावे. १९ यांना माहीत असल्यास त्यांनी सांगावे.' तिसऱ्या भागात अठ्ठ्याऐंशी क्रमांकाने नकाशातला डोंगर चुकीच्या जागी असल्याची तक्रार केली. हे अठ्ठ्याऐंशी बहुतेक भूगोलाचे मास्तर असावेत, प्रत्येक पुस्तकात त्यांना नकाशा चुकलेला सापडतो. तिने लिहिलं, 'नकाशा गरुडावरून काढला आहे. ८८ यांनी एकदा गरुडावर बसून पाहावे.' त्याखाली तीन वेगवेगळ्या क्रमांकांनी नुसतं 'सहमत' लिहिलं होतं. ते वाचून ती आठवडाभर ऐटीत होती. मला म्हणाली, "घरात कुणी सहमत होत नाही, तिथे तीन-तीन माणसं होतात."

चौथ्या भागापर्यंत तिचे हात थरथरायला लागले होते. जिना उतरणं बंद झालं. मग पुस्तक मी आणायचो, ती वाचायची आणि मत ती सांगेल तसं मी लिहायचो. माझं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे. ती म्हणायची, "लिहा तसंच. माझं वय झालंय असं समजतील." एकदा मी एक शब्द मऊ केला. तिने 'मूर्खपणा' सांगितलं होतं, मी 'चूक' लिहिलं. तिने वाचायला मागितलं, मला खोडायला लावलं आणि वर म्हणाली, "दुसऱ्याचं बोलणं जोडून देणाऱ्याने मध्ये तोंड घालू नये. मला नोकरीतून काढलं असतं."

चौथा भाग मीठचोर शत्रूच्या हाती सापडतो तिथे संपला. पाचवा यायला दोन वर्षं लागली. ती त्याआधीच, सतराव्या महिन्यात गेली.

तिचं कार्ड मी परत केलं नाही. आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले होते. नव्या बाई मला फक्त 'घरच्यांसाठी पुस्तकं नेणारे काका' म्हणून ओळखत. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी उरलेलं पुस्तक द्यायला गेलो तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?"

मी म्हणालो, "आहेत."

का म्हणालो, ते मला सांगता येत नाही. तोंडातून गेलं आणि बाईंनी शिक्का मारला.

मेहुणी दर रविवारी डबा घेऊन येते. तिने टेबलावर कार्ड पाहिलं. "भावोजी, ताईचं कार्ड अजून चालू ठेवलंय?"

"मी वाचतो पुस्तकं."

"तुम्ही? बुटाच्या खोक्यावरचा नंबरसुद्धा ताईला वाचायला लावायचात."

"चष्मा बदललाय."

 डब्यातलं भांड्यात काढून गेली.

पाचवा भाग आला तेव्हा बाईंनी मला निरोप पाठवला. म्हणाल्या, "सगळे वाट बघतायत काका. एकोणीस आणि अठ्ठ्याऐंशी यांनी वाचून झालं. पण पट्टीवर मजा काकूंमुळे येते. परवा एक सभासद म्हणाले, दोनशे बारांनी लिहिल्याशिवाय मी हे पुस्तक नेणार नाही."

मी पुस्तक घरी आणलं. सातशे पानं. मी सावकाश वाचतो, ओठ हलवत. दिवसाला वीस पानं झाली की डोळे दुखतात. पाचव्या दिवशी नव्वदाव्या पानावर मीठचोर मेला.

लढाईत नाही. कैदेतून सुटून पलटणीत परत आला आणि तापाने मेला. चार ओळींत. मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उठून चहा केला. चहा घेताना मला वाटलं, बरं झालं, हे तिला वाचावं लागलं नाही. मग वाटलं, कसलं बरं झालं. तिने पुस्तक भिंतीवर फेकलं असतं, लेखकाला नाही नाही ते बोलली असती, रात्री जेवली नसती आणि सकाळी पुढचं पान काढून बसली असती. तेवढं तरी तिला मिळायला हवं होतं.

पुढची सहाशे पानं मी वाचली. मग पट्टी उलगडली. अठ्ठ्याऐंशींना नदीचं उगमस्थान पटलं नव्हतं. एकोणीसने लिहिलं होतं, 'मुका सुभेदार पलटणीला बर्फातून अकरा दिवसांत चारशे मैल नेतो. हे अशक्य आहे. आम्हा फौजी माणसांना विचारावे.'

मी दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलो. मीठचोराबद्दल लिहायला गेलो की हात थांबायचा. पण चारशे मैलांचं मला कळत होतं. ओल्या कातड्यात टाका टिकत नाही. बर्फाचं पाणी मेणदोऱ्यात शिरतं, दोरा फुगतो, भोक मोठं होतं आणि तळवा तोंड उघडतो. तिसऱ्या दिवशी निम्मी पलटण चिंध्या बांधून चालेल. हे मी हजारो परत आलेल्या बुटांवर पाहिलेलं आहे. आणि या सातशे पानांच्या पलटणीत बूट शिवणारा एकही माणूस नाही. मी लिहिलं, '१९ यांचे बरोबर आहे. बर्फात टाके तिसऱ्या दिवशी सुटतात. पलटणीसोबत बूट शिवणारा हवा होता. २१२.'

लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. खरं तेच लिहिलं होतं. पुस्तक देऊन आलो.

दहा दिवसांनी पुस्तक परत फडताळात दिसलं. मी उभ्याउभ्याच पट्टी उलगडली. एकोणीसने माझ्या खाली लिहिलं होतं, '२१२, तब्येत बरी आहे ना? नऊ वर्षांत पहिल्यांदा माझे बरोबर आहे म्हणालात.'

 बुटांच्या नादात मी मुख्य गोष्टच विसरलो होतो. एकोणीसचं बरोबर असलं तरी बरोबर म्हणायचं नाही, हा तिचा धर्म होता. एवढं सोपं होतं आणि तेच मला जमलं नव्हतं.

बाई पुढच्या टेबलावर नवीन पुस्तकांना शिक्के मारत होत्या. मी खिडकीजवळ बसलो आणि लिहिलं, 'तब्येत ठीक आहे. बरोबर हा शब्द नजरचुकीने पडला. १९ यांनी त्यावरून हुरळून जाऊ नये. २१२.'

हे मात्र जमलं. पुढच्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशींनी खाली लिहिलेलं होतं, 'आत्ता कुठे २१२ परत आल्या.' आणखी एका क्रमांकाने 'सहमत' लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. घरी जाताना भाजीवाल्याशी उगाच गप्पा मारल्या. स्टूल टेबलापाशी ओढून ठेवलं. तीन-चार दिवस मला असं वाटत होतं की ती आतल्या खोलीत पडलेली आहे आणि बाहेरची कामं मी बघतोय, दोन वर्षं बघत होतो तशीच.

मग एकोणीसचा प्रश्न आला. 'मीठचोर मेला त्याबद्दल एक शब्दही नाही? पहिल्या भागापासून तुम्ही त्याची बाजू घेत आलात. मी त्याला भुरटा म्हणालो तर मला अर्धी पट्टी सुनावली होतीत. मी वाट पाहतो आहे.'

मी पुस्तक घरी आणलं. काय काय लिहून पाहिलं. 'लेखकाने घोडचूक केली.' हे कुणीही लिहील. 'लेखकाला तुरुंगात टाकावे.' हे तिच्यासारखं वाटत होतं, पण ती असं काही आधी बोललेली होती म्हणून वाटत होतं. मी जुने भाग आणून तिची सगळी मतं एका कागदावर उतरवून घेतली आणि त्यातून काही जुळतंय का बघत बसलो. कुठलाच तळवा बसेना. तिची प्रत्येक गोष्ट त्या त्या पुस्तकाला मारलेली होती, दुसऱ्याला लागत नव्हती.

शेवटी मी बाईंना विचारलं, "एकोणीस कोण आहेत?"

"नाव सांगता येत नाही काका, नियम आहे." मग त्या शिक्का खाली ठेवून म्हणाल्या, "गुरुवारी चार वाजता मात्र इथे पंख्याखाली कोण बसतं, ते मी काही झाकून ठेवत नाही."

गुरुवारी चारला पंख्याखाली एक जाडजूड म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी आधी बूट पाहिले, ती माझी खोडच आहे. पायातले साधे, टाच दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली. पाठीवर बोजा घेऊन वर्षानुवर्षं चाललेल्या माणसाची टाच अशी झिजत नाही.

मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. "तुम्ही एकोणीस."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही?"

"दोनशे बारा."

तो हसायला लागला. "चला. मी बाई समजत होतो. नऊ वर्षं एका बाप्याकडून बोलणी खातोय."

"बाईच. माझी बायको. दहा महिने झाले तिला जाऊन."

त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

"मग टाके कुणाचे?"

"माझे. मी फौजी बूट शिवायचो."

"आणि नजरचुकीचं?"

"तेही मीच."

"ते चांगलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण मला शंका आली होती. त्या कधी तब्येत ठीक आहे असं सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या असत्या, तुमच्या तब्येतीचं बघा."

मी मान हलवली. खरंच तसंच म्हणाली असती. हे याला कळलं होतं.

"मीसुद्धा एक सांगतो," तो खालच्या आवाजात म्हणाला, बाईंकडे बघत. "फौजेत होतो हे खरं आहे. पण बँडमध्ये. तुतारी. एक गोळी झाडलेली नाही. त्या भांड्यांवरून बोलल्या ना, तेव्हा मला वाटलं दोनशे बारांना कळलं. दोन वर्षं धाकधूक होती."

"घरी म्हणायची ती. हा माणूस लढलेला नाही, लढलेले इतकं बोलत नाहीत."

"म्हणजे ठाऊक होतं."

"हो."

"आणि लिहिलं नाही."

"नाही लिहिलं."

 मग त्याने पुस्तक ओढून घेतलं, नव्वदावं पान काढलं आणि माझ्याकडे वळवलं. "आता मला सांगा. मी तिघांशी भांडलो यावरून, मजा नाही आली. त्या काय म्हणाल्या असत्या?"

मी त्या चार ओळी परत वाचल्या. तिचा आवाज मला नीट आठवत होता. वाचताना वाक्याच्या शेवटी ती जरा घाई करायची, तेसुद्धा आठवत होतं. 'ऐकताय ना' आठवत होतं. पण या चार ओळींवर तो आवाज काहीच बोलत नव्हता. ती आयुष्यात जे जे बोलली ते माझ्याजवळ होतं. जे बोललीच नाही ते कुठून आणायचं?

"माहीत नाही," मी म्हणालो.

"अंदाजाने?"

"अंदाजाने लिहून पाहिलं. खोटं वाटतं."

त्याने पुस्तक मिटलं. "मग तेच लिहा," तो म्हणाला. "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय पट्टीवर. लोक वाट बघतायत."

मी त्याच्यासमोर लिहिलं. 'हा भाग येण्याआधी २१२ वारल्या. वरची दोन मते त्यांच्या नवऱ्याची आहेत. मीठचोराबद्दल त्यांचे मत काय झाले असते ते सांगता येत नाही.' खाली क्रमांक काय घालावा कळेना. एकोणीस म्हणाला, "कार्ड काढा की स्वतःचं." मी कार्ड काढलं. चारशे सदतीस. बाईंना तिच्याबद्दल सांगितलं. त्यांनी तिचं कार्ड माझ्याकडून घेतलं. मग म्हणाल्या, "मी दर वेळी काकू बऱ्या आहेत ना विचारत होते."

"विचारलंत ते बरं वाटायचं," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

त्यांनी विचारलं, दोनशे बारा क्रमांक मोकळा ठेवू का? वाचनालयात रिकामे झालेले क्रमांक नव्या सभासदांना देतात. मी घरी जाऊन विचार केला. परक्याला परका जोडून देण्यात जिचं आयुष्य गेलं, तिची एक तार नुसती लोंबकळत ठेवायची, हे मला बरोबर वाटेना. दुसऱ्या दिवशी सांगून आलो, देऊन टाका.

त्यानंतर महिनाभर पुस्तक फिरत होतं. चार जणांनी नेऊन परत केलं, तारखांचे शिक्के होते, पण पट्टीवर माझ्या ओळींखाली कुणी काही लिहिलं नाही. अठ्ठ्याऐंशींनीसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. मी पट्टीचा खेळ बिघडवला.

पुढच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा एकोणीस पंख्याखाली नव्हता. फडताळापाशी उभा होता, पुस्तक उघडून. मला बघून त्याने ते पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला.

"आज नका वाचू," तो म्हणाला.

"का?"

"नवीन दोनशे बारा आलेत. कुणीतरी तरुण मुलगी असेल. वरचं न वाचताच लिहिलेलं दिसतंय. तिला बिचारीला काय माहीत."

मी हात पुढे केला. त्याने पुस्तक दिलं. ठसठशीत निळ्या शाईत लिहिलं होतं, 'छान आहे. पटापट वाचून होते. मीठचोर मेला ते बरे झाले, फार बडबड करायचा. २१२.'

मी ते वाचलं. एकदा वाचलं, मग त्या क्रमांकाकडे बघत राहिलो.  इतका राग मला कारखान्यात सबंध एकतीस वर्षांत आला नसेल.

"जाऊ द्या हो," एकोणीस म्हणाला. "पोरगी आहे."

"पेन्सिल आहे का?"

"आहे, पण जरा सांभाळून."

मी खिडकीजवळ बसलो. या वेळी हात थांबला नाही. ती काय म्हणाली असती हा विचारही आला नाही. मी लिहिलं:

'२१२ यांचे साफ चुकले आहे. नव्वदावे पान वाचून पुढे पळू नये. एक्याण्णव ते चौऱ्याण्णव ही पाने पुन्हा वाचावीत. त्या चार पानांत पलटण चालते, थांबते, जेवते, झोपते, परत चालते, आणि कुणी एक शब्द बोलत नाही. मी मोजले नाही, पण त्याआधी कुठलेच पान बोलण्याशिवाय गेलेले नाही. बडबड करणारे माणूस गेले की काय होते, ते लेखकाला बरोबर माहीत आहे. बुटांचे त्याला माहीत नाही, पण हे माहीत आहे. ४३७.'